परतीचे तिकीट

(कोलाड येथे पालकांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



ऐन वैशाखात कोकणातील बहुतेक नद्यांची पात्रे उघडी पडतात. कुंडलिका मात्र वाहत असते. सकाळी तिच्या काठावर मुंबई-पुण्याहून आलेली कुटुंबे रबरी तराफ्यांजवळ उभी असतात आणि सगळ्यांचे डोळे नदीच्या वरच्या अंगाला लागलेले असतात. भिऱ्याच्या वीजगृहातून पाणी सुटले की नदी फुगते, तराफे निघतात आणि मुलांच्या आरोळ्यांनी दोन्ही काठ दुमदुमतात. त्याच सकाळी कोलाड-रोह्यातील एखाद्या घरासमोर मोटार उभी असते. बॅगा चढविल्या जात असतात. आजी दारात उभी राहून नातवंडांच्या हातावर दही घालीत असते. हे कुटुंब सिंगापूरला, दुबईला किंवा स्वित्झर्लंडला निघालेले असते.

यात गैर काहीच नाही. चरैवेति, चालत राहा, असे सांगणारी आपली परंपरा आहे. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घ्यायला लावण्याचा काळ मागे पडला, हे चांगलेच झाले. एके काळी परदेशगमन म्हणजे उच्च शिक्षण. पुढे मुलगा किंवा मुलगी तिकडे स्थायिक झाली, की नातवंडांना सांभाळण्यासाठी आई-वडिलांची फेरी होऊ लागली. त्यानंतर केसरीभाऊ पाटील यांच्यासारख्या उद्योजकांनी (त्यांची संस्था १९८४ची) मराठी माणसाला मराठी सहल-व्यवस्थापकाच्या सोबतीने, वरण-भाताच्या आश्वासनासह जग दाखविले. आता लहान मुलांना घेऊन सुट्टीसाठी परदेशी जाणे ही मध्यमवर्गीय घरातील नेहमीची गोष्ट होऊ लागली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि रायगड जिल्ह्याच्या अंगणातच विमाने उतरू लागली. यापुढे हे प्रमाण वाढणार आहे, घटणार नाही.

म्हणून जावे की न जावे, हा आजच्या चर्चेचा विषय नाही. परदेशी सहलीला निघालेल्या प्रत्येक कुटुंबाच्या खिशात परतीचे तिकीट असते. आठ-दहा दिवसांनी मूल घरी परत येते. परत येताना ते काय घेऊन येते, हा खरा प्रश्न आहे. बॅगेत काय येते ते विमानतळावर तपासले जाते. मनात काय येते ते तपासणारी यंत्रणा कोणत्याही विमानतळावर नाही. ते काम आई-वडिलांचे आहे.

याच मातीतून गेलेले प्रवासी

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. रोह्याच्या पंचक्रोशीशी ज्यांचे नाते आहे अशा तीन व्यक्तींचे परदेशगमन पाहिले तरी पुरे.

पहिले चिंतामणराव देशमुख. जन्म १८९६ सालचा, महाडजवळच्या नाते गावचा. बालपण रोह्यात गेले. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून हा मुलगा पुढे केंब्रिजला गेला. तेथे त्याने शिकली ती निसर्गविज्ञाने: वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र. आयसीएसच्या परीक्षेत तो पहिला आला. १९४३ साली चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि स्वातंत्र्यानंतर देशाचे अर्थमंत्री. परंतु केंब्रिजला जाऊन आल्यावरही त्यांचे संस्कृत सुटले नाही. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले. आणि १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला नाकारली जात आहे असे दिसताच त्यांनी मंत्रिपद सोडले. साहेबाच्या देशात शिकून साहेबाहून वरचढ होता येते आणि तरीही मराठीच राहता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

दुसरे पांडुरंगशास्त्री आठवले. जन्म १९२० सालचा, रोह्याचाच. १९५४ साली जपानमध्ये भरलेल्या धर्मपरिषदेत त्यांनी गीतेचा विचार मांडला. तो विचार प्रत्यक्ष जगणारा समाज तुमच्या देशात कुठे आहे, असा प्रश्न त्यांना तेथे विचारला गेला. परदेशात राहून काम करण्याचे आमंत्रण होते. ते नाकारून शास्त्रीजी परत आले. त्यांनी तो प्रश्न मात्र सोबत आणला आणि उरलेले आयुष्य त्याचे उत्तर उभे करण्यात घालविले. कोळीवाड्यांपासून खेड्यापाड्यांपर्यंत पसरलेला स्वाध्याय परिवार हे ते उत्तर होय. परदेशाहून एक अडचणीचा प्रश्न आणणे, हीदेखील मोठी कमाई असते.

तिसरे सेनापती बापट. ते पारनेरचे, पण कोलाडकरांचे त्यांच्याशी पाण्याचे नाते आहे. १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून पांडुरंग महादेव बापट एडिंबरोला गेले. ब्रिटिश राजवटीविरुद्ध बोलल्यामुळे शिष्यवृत्ती गेली. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये त्यांची स्वातंत्र्यवीर सावरकरांशी गाठ पडली. पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या मिळविली आणि १९०८ साली ते ती घेऊन मायदेशी परतले. अभियंता होण्यासाठी गेलेला तरुण क्रांतिकारक होऊन आला. हेच बापट १९२१च्या रामनवमीला सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाचे नेते झाले. मुळा नदीवर धरण बांधून त्या पाण्यावर वीज करायची आणि ती मुंबईला द्यायची, अशी योजना होती. त्यासाठी मावळातील शेतकऱ्यांची पिढ्यान् पिढ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. मावळे लढले, स्त्रिया तुरुंगात गेल्या, बापटांनी प्रदीर्घ कारावास भोगला. धरण मात्र झाले. १९२७ पासून ते पाणी सह्याद्रीच्या उतारावरून भिऱ्याला उतरते, वीज देते आणि कुंडलिकेत येते.

वैशाखात कुंडलिका वाहते ती यामुळे. तराफ्यात बसून आरोळ्या ठोकणाऱ्या मुलाला हे कोणी सांगते काय? त्या पाण्याखाली कोणाची शेते गेली, कोणी त्यासाठी लढा दिला, आणि त्या लढ्याच्या सेनापतीने परदेशातून काय आणले होते? कोलाडच्या मुलाला हे ठाऊक नसेल, तर तो टेम्स पाहून आला काय आणि सीन पाहून आला काय, त्याला केवळ पाणी दिसेल. नदी दिसणार नाही.

ज्यांच्याजवळ परतीचे तिकीट नव्हते

मुलांना घेऊन जाण्यासारखा देश कोणता, असे अनेक पालक विचारतात. त्यांच्यासाठी मॉरिशसचे उदाहरण घेऊ या. मुंबईहून विमानाने सहा-साडेसहा तास. आपल्या आणि तेथील घड्याळात केवळ दीड तासाचा फरक, म्हणजे लहान मुलांची झोप फारशी मोडत नाही. स्वच्छ समुद्र, प्रवाळांच्या आतले उथळ शांत पाणी. जाहिरातींत हे सर्व असते. जाहिरातींत जे नसते ते अधिक महत्त्वाचे आहे.

पोर्ट लुई या राजधानीत बंदराच्या काठी दगडी बांधकामाचे काही अवशेष आहेत. त्यात सोळा पायऱ्या आहेत. त्या स्थळाचे नाव आप्रवासी घाट. २००६ साली ते जागतिक वारसा ठरले. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. ते हिंदुस्थानातून आणायचे ठरले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाच्या जहाजातून ३६ मजूर तेथे उतरले. पुढे १९२० पर्यंत सुमारे पाच लाख भारतीय या बेटावर आले. काही तेथे राहिले, काहींना तेथून आणखी दूरच्या देशांत नेले गेले. करारपत्राला ते 'गिरमिट' म्हणत, म्हणून ते गिरमिटिये. सुरुवातीच्या करारांत परतीच्या प्रवासाची तरतूद होती. पुढे तीही काढून घेण्यात आली. काहीजण कसेबसे परतले. बहुसंख्यांची माती तेथेच झाली.

त्यांत बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातील लोक अधिक होते. पण मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. रत्नागिरीचे, साताऱ्याचे, आणि त्या काळी कुलाबा म्हटल्या जाणाऱ्या आपल्या रायगड जिल्ह्याच्या परिसरातीलही. आडनावे हरवली, भिवाजी, रामजी अशी वाडवडिलांची नावेच आडनावे झाली. त्यांच्याजवळ पुस्तके नव्हती, पुरोहित नव्हते, पैसे तर नव्हतेच. होते ते डोक्यात आणि कंठात. ओव्या होत्या, भजने होती, जाखडीचा नाच होता. तो नाच मॉरिशसमध्ये आजही 'झाकरी' या नावाने नाचला जातो. १८९६ साली तेथील भिवाजी कुटुंबाने गणपती बसविला. आज गणेशोत्सवाची तेथे सार्वजनिक सुट्टी असते. त्या देशाच्या शाळांतून मराठी शिकविली जाते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. त्यांत नाव, बापाचे नाव, गाव, जहाजाचे नाव आहे. कित्येकांची छायाचित्रेही आहेत. आपले मूळ गाव कोणते, याचा शोध घेत आजही त्यांचे पणतू-खापरपणतू तेथे येतात.

बेटाच्या मध्यभागी डोंगरात एक सरोवर आहे. १८९८ साली काही भाविक त्रिओले गावाहून चालत तेथे गेले आणि महाशिवरात्रीची यात्रा सुरू झाली. १९७२ साली गंगेचे पाणी नेऊन त्यात मिसळण्यात आले. त्या सरोवराला आता गंगा तलाव म्हणतात आणि महाशिवरात्रीला लाखो लोक खांद्यावर कावड घेऊन, कित्येक मैल चालत तेथे येतात. उसाच्या शेतांतून जाताना मध्येच काळ्या दगडांचे उंच ढिगारे दिसतात. ज्वालामुखीच्या त्या जमिनीतून गिरमिटियांनी हातांनी वेचून काढलेले ते दगड होत. त्यांचे दुसरे स्मारक उभारण्याची गरज नाही.

आता तुलना करून पाहावी. ज्यांच्याजवळ परतीचे तिकीट नव्हते, त्यांनी सव्वाशे-दीडशे वर्षे भाषा, देव आणि सण सांभाळले. ज्यांच्याजवळ परतीचे तिकीट आहे अशी आपली मुले मात्र आठ दिवसांच्या सहलीत घरची भाषा बोलायला लाजतात. "माझ्या मुलाला मराठी वाचायला जमत नाही हो," हे वाक्य कोलाड-रोह्यासारख्या ठिकाणीसुद्धा कौतुकाच्या सुरात ऐकू येऊ लागले आहे. मॉरिशसमधील एखादी शाळकरी मुलगी, जिच्या घरात क्रिओल बोलली जाते, ती कष्टाने 'ग' गणपतीचा गिरवते. तिच्यासमोर आपले मूल उभे राहिले आणि त्याला तो वाचता आला नाही, तर मान खाली कोणाची जाईल? मुलाची नव्हे.

आजीचा प्रश्न

एक साधे चित्र डोळ्यांसमोर आणावे. वडील धाटावच्या कारखान्यात, आई शिक्षिका, मुलगी चौथीत, मुलगा पाच वर्षांचा. हे कुटुंब सिंगापूरहून परत आले आहे. आजी नातीला जवळ घेऊन विचारते, "काय गं बाळ, काय काय पाहिलंस?" नात म्हणते, "आजी, तिकडे रस्त्यावर एक कागदसुद्धा नसतो. आपल्याकडे किती घाण असते ना?"

घरातील सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच. या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही घातक आहेत. पहिले उत्तर असे : "आपला देश असाच आहे, आपल्याला कधी जमायचे नाही." हे न्यूनगंडाचे उत्तर. ते ऐकून मोठी झालेली मुलगी वीस वर्षांनी परतीचे तिकीट काढणार नाही, आणि मग आई-वडील गावातील ओसाड घरात तिच्या दूरध्वनीची वाट पाहतील. दुसरे उत्तर असे : "ते कालपरवाचे लोक, आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी सगळे होते." हे पोकळ अभिमानाचे उत्तर. मुलीने डोळ्यांनी पाहिलेले नाकारायला ते शिकविते. जो अभिमान डोळे मिटून घ्यायला लावतो, तो राष्ट्राभिमान नव्हे. डॉक्टर हेडगेवारांनी व्यक्तिनिर्माणाचे जे काम आरंभिले, त्यात आपल्या समाजाच्या दोषांवर पांघरूण घालणे कधीच नव्हते. दोष ओळखून ते दूर करणारी माणसे घडविणे हेच त्याचे सूत्र होते.

तिसरे उत्तर थोडे कष्टाचे आहे. "हो बाळ, ते शहर स्वच्छ आहे. पण ते नेहमी तसे नव्हते. १९६८ साली त्यांनी शहर स्वच्छ ठेवण्याची मोठी मोहीम काढली. कचरा टाकणाऱ्याला दंड केला, मग तो कोणी का असेना. त्यांची नदी तर काळीकुट्ट झाली होती, तिला वास येत असे. १९७७ साली ती स्वच्छ करायचे ठरले आणि १९८७ पर्यंत ते काम चालले. दहा वर्षे लागली. आपली कुंडलिका भिऱ्याहून येते तेव्हा कशी असते आणि रोह्याच्या खाली खाडीकडे जाते तेव्हा कशी होते, ते उद्या आपण पाहू या." या उत्तराने मुलीला दोन गोष्टी कळतात. स्वच्छता कोणाच्या रक्तात नसते, ती माणसे ठरवून, शिस्तीने आणतात. आणि जे त्यांना दहा वर्षांत साधले ते आपल्यालाही साधेल. पण त्यासाठी आपल्या हातातली बाटली आपणच कचऱ्याच्या डब्यात टाकली पाहिजे.

याची दुसरी बाजूही मुलांना दाखविली पाहिजे. स्वित्झर्लंडमध्ये बोगद्यातून जाणाऱ्या आगगाडीवर मोटारी चढवितात. आपली मंडळी थांबून त्याची छायाचित्रे काढतात. २६ जानेवारी १९९९ पासून कोलाडच्या स्थानकात मालाने भरलेले ट्रक आगगाडीवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतात. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग भारतीय अभियंत्यांनी सह्याद्री फोडून, नद्या ओलांडून बांधला. परदेशात जे पाहून तोंडात बोट जाते, ते घरच्या फाटकाजवळ रोज घडत असते. कोलाडच्या किती पालकांनी मुलांना मुद्दाम स्थानकावर नेऊन ट्रकांनी लादलेली ती गाडी दाखविली आहे? आणि याच मुलांनी मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ पासून रखडलेले काम आणि त्यावरचे खड्डेही पाहिले आहेत. दोन्ही आपलेच आहे. एकाचा अभिमान धरावा, दुसऱ्याची लाज वाटून घ्यावी आणि दोन्हींतून काय शिकायचे ते मुलांना मोकळेपणाने सांगावे.

निघण्यापूर्वी, तेथे आणि परतल्यावर

काही गोष्टी व्यवहाराच्या आहेत. पण त्यांतही संस्कार आहे.

पहिली गोष्ट पैशाची. हप्त्यांवर सहल काढून देणाऱ्या योजना आल्या आहेत. आधी फिरा, मग वर्षभर फेडा. शेजाऱ्याची मुले गेली म्हणून आपलीही गेली पाहिजेत, या ईर्षेने काढलेल्या कर्जाचे ओझे घरात बोलले नाही तरी मुलांना कळते. दोन-तीन वर्षे साठवून, मुलांनाही आपल्या डब्यात थोडी बचत करायला लावून काढलेली सहल त्यांना अधिक गोड लागते. नाहीच जमले, तर रायगड, पाली, चौल, कुड्याची लेणी आहेतच. कुड्याची लेणी खोदली गेली त्या काळी कोकणच्या या किनाऱ्याचा समुद्रापलीकडील देशांशी व्यापार चालत असे. जगाशी नाते जोडण्यासाठी विमानच लागते असे नाही.

दुसरी गोष्ट तयारीची. तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो आणि लहान मुलांच्या पासपोर्टाची मुदत सहसा पाचच वर्षांची असते. तिकिटे काढण्यापूर्वी ती तारीख पाहून घ्यावी. फळे, बिया, दुधाचे पदार्थ नेण्यावर अनेक देशांत निर्बंध असतात. ते आधी विचारून घ्यावेत, दडवून नेऊ नयेत. आई-वडील सीमाशुल्क अधिकाऱ्याशी खोटे बोलतात, हे मुलांनी पाहिले की संस्कारांची सारी व्याख्याने वाया जातात. आजीने करून दिलेली भाजणी, मेतकूट, कोरडा खाऊ बरोबर असावा. विमान उतरताना मुलांचे कान दुखतात, तेव्हा त्यांना काही चघळायला किंवा प्यायला द्यावे. प्रत्येक मुलाच्या खिशात उतरण्याच्या ठिकाणाचा पत्ता आणि आई-वडिलांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. आणि दिवसाला एकच ठिकाण ठरवावे. पाच वर्षांचे मूल दिवसात पाच ठिकाणे पाहत नाही, ते पाच वेळा रडते.

तिसरी गोष्ट पाहुण्याच्या धर्माची. 'अतिथी देवो भव' हे आपण यजमान म्हणून उच्चारतो. अतिथीनेही देवासारखे वागावे लागते, हा त्याचा उत्तरार्ध आहे. रांग मोडू नये, न्याहारीच्या ठिकाणचे पदार्थ पिशवीत भरू नयेत, मोठ्याने ओरडू नये, त्यांच्या प्रार्थनास्थळांचा मान राखावा. कुंडलिकेच्या काठी पाहुण्यांनी टाकलेल्या रिकाम्या बाटल्या आणि पुड्या वेचताना कोलाडच्या माणसाला काय वाटते, ते कोलाडच्या माणसाने परदेशी पाहुणा होताना आठवावे. तेथे आपल्या मुलाकडे पाहूनच कोणीतरी भारताविषयीचे आपले मत बनवीत असते.

चौथी गोष्ट त्या देशात आपले काय आहे ते शोधण्याची. लंडनला गेलेल्या कुटुंबाने राजवाडा जरूर पाहावा. पण हायगेटमध्ये इंडिया हाऊसची इमारत आहे, तेथेही मुलांना न्यावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत १९२१-२२ च्या काळात ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने घेतले. त्याच्या दारात उभे राहावे. एका घरात देशाच्या स्वातंत्र्याचा ध्यास होता, दुसऱ्या घरात समाजाच्या समतेचा. दोन्ही घरांत राहणाऱ्यांजवळ पैसा बेताचाच होता. केनियाला गेलेल्यांना आठवण असावी, की मुंबईहून तिकडे निघालेल्या जहाजावर काही स्वयंसेवक एकत्र आले, त्यांनी प्रार्थना म्हटली आणि भारताबाहेरील संघकार्याचे बीज पडले. कंबोडियातील अंकोरवाट मुळात विष्णुमंदिर म्हणून बांधले गेले आणि जाव्यातील प्रंबानन शिवाचे. ही मंदिरे तेथील राजांनी आणि तेथील कारागिरांनी बांधली. आपल्याकडून तिकडे विचार गेला आणि तो त्यांनी आपलासा केला. तलवारीवाचून पोचलेला विचार किती काळ टिकतो, हे मुलांना तेथील दगड सांगतील.

पाचवी गोष्ट परतल्यानंतरची, आणि बहुतेक घरांत तीच राहून जाते. छायाचित्रे भ्रमणध्वनीवर पाठवली की सहल संपते. त्याऐवजी एका संध्याकाळी आजी-आजोबांना, शेजारच्या मुलांना, घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलांनाही बोलवावे आणि आपल्या मुलांनी मराठीतून सांगावे : काय पाहिले, काय आवडले, काय आवडले नाही, आणि आपल्या गावात त्यातले काय करता येईल. ज्यांना जाणे जमत नाही त्यांच्यापुढे मिरवू नये. त्यांना सोबत न्यावे. सहलीचे पुण्य वाटल्याने वाढते.

ध्रुव कुठे गेला?

शेवटी मॉरिशसच्याच एका रात्रीकडे वळू या. ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. आपल्याकडे वैशाख तापलेला असतो, तेव्हा तेथे थंडीची चाहूल लागते. आकाशही वेगळे दिसते. दक्षिणेकडे त्रिशंकूचे तारे उंच चढलेले असतात. आणि ज्या मुलाने आजीकडून ध्रुवबाळाची गोष्ट ऐकली आहे, ते मूल उत्तरेला पाहून हमखास विचारील, "बाबा, ध्रुव कुठे गेला?" कारण तेथून ध्रुवतारा दिसत नाही. तो क्षितिजाच्या खाली असतो.

गिरमिटियांच्या जहाजांवरही हेच घडले असेल. दिवसामागून दिवस जहाज दक्षिणेकडे जात होते आणि लहानपणापासून ओळखीचा तो तारा रोज थोडा थोडा खाली उतरत होता. एके रात्री तो दिसेनासा झाला. घर किती दूर राहिले हे सांगायला त्यांना दुसरे साधन नव्हते. तरीही त्या लोकांनी आपला ध्रुव हरवू दिला नाही. तो त्यांनी आकाशातून काढून मनात ठेवला. म्हणून तर सरोवराचा गंगा तलाव झाला आणि उसाच्या मळ्यात गणपती बसला.

पेण-हमरापूरच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती महिनेच्या महिने आधी जहाजांतून परदेशी रवाना होतात. तिकडे कोणीतरी वाट पाहत असते म्हणून त्या जातात. त्या वाट पाहणाऱ्यांना जे जपावेसे वाटते, ते ज्यांच्या दारातच आहे त्यांनी गमावू नये, एवढीच अपेक्षा आहे.

मुलांना जग जरूर दाखवावे. मोठ्या मनाने, उघड्या डोळ्यांनी दाखवावे. पण निघण्यापूर्वी एका रात्री त्यांना अंगणात न्यावे, उत्तरेकडे बोट करून ध्रुव दाखवावा. कोलाडहून तो क्षितिजाच्या फार वर नसतो, डोंगराच्या माथ्याशी शोधावा लागतो. एकदा तो ओळखता आला, की मूल जगाच्या कोणत्याही टोकाला गेले तरी घर कोणत्या दिशेला आहे हे त्याला सांगावे लागत नाही. परतीचे खरे तिकीट तेच आहे आणि ते कोणत्याही सहल-कंपनीच्या कार्यालयात मिळत नाही. ते घरातच काढावे लागते.

भारत माता की जय!